दुपारी चारला गोड खावंसं वाटतं? बिघाड सकाळच्या ताटात शोधा

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन जुळली तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

– साखर सोडून तीन-चार दिवस झालेत. सकाळ छान जाते, पण साडेतीन-चारच्या सुमाराला काहीतरी गोड हवंच असं होतं.
– पोटभर जेवण झालं तरी जेवल्यासारखं वाटत नाही. हात धुवून तुम्ही फ्रिज उघडून उभे राहता.
– दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं धरतं, घरच्यांवर चिडचिड होते.
– रात्री दहानंतर घर शांत झालं की डबे उघडले जातात.
– महिना-दोन महिने नीट जातात. मग चवथ (गणेश चतुर्थी) येते, आणि सुटलेली साखर पुन्हा सोडायला मुहूर्त सापडत नाही.
– चहा बिनसाखरेचा, मिठाई बंद, तरी वजन आणि रिपोर्टमधला आकडा जागचे हलत नाहीत.

एक लक्षण मुद्दाम वेगळं ठेवते. गोड खावंसं वाटताना हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, छातीत धडधडत असेल, तर मधलं सगळं सोडून आधी शेवटचा भाग वाचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर नक्कीच.

मी फोंड्याला राहते, नोकरी पणजीला. साखर मी स्वतः चार वेळा सोडली आणि तीन वेळा पुन्हा धरली. चौथ्या वेळी टिकली, ती का टिकली ते मी वहीत लिहून ठेवलं होतं. नंतर त्याच वहीच्या आधाराने नवऱ्याची सुटली, थोरल्या जाऊबाईंची सुटली, ऑफिसातल्या पाच-सहा जणींना मदत झाली. प्रत्येकाने मला सुरुवातीला एकच वाक्य ऐकवलं: "माझ्याकडून कंट्रोलच होत नाही." आणि प्रत्येक वेळी शोधत गेल्यावर सापडलं ते हे, की चारची ओढ चार वाजता सुरू झालेलीच नसते. ती सकाळच्या बनपासून, दुपारच्या ताटापासून, नाहीतर आदल्या रात्रीच्या जागरणापासून चालत आलेली असते. चार वाजता ती फक्त दिसते. म्हणून मनाला दोष देत बसू नका, मागे मागे जा.

आपल्याकडे हे मनावर घ्यायला कारणही आहे. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) देशभराचा मधुमेहाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात सगळ्या राज्यांत गोवा पहिला होता: २६.४ टक्के. म्हणजे वीस वर्षांवरच्या दर चार माणसांत एकाहून थोडे जास्तच. मधुमेह एकट्या साखरेने होतो असं नाही. पण माझ्या वाड्यावरची घरं मी डोळ्यासमोर आणते तेव्हा हा आकडा मला परका वाटत नाही.

सोडायचं नेमकं काय, तेही ठरवून घ्या. वरून घातलेली साखर, गूळ, मध, पाक, सिरप हे सोडायचं. अख्खं फळ, दूध, साधं दही यांतली साखर मी यात धरत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी सांगते की अशी मोकळी साखर एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत. हा दुसरा आकडा साधारण २५ ग्रॅम होतो, म्हणजे दिवसभराचे सगळे मिळून पाच-सहा सपाट चमचे.

आता तपासण्या. फुकटच्या आधी, कष्टाच्या नंतर. क्रम सोडू नका, कारण बहुतेकांचं काम पहिल्या चारांत होऊन जातं.

तपासणी १: वेळ लिहा

तीन दिवस काहीच बदलू नका. गोड खावंसं वाटलं की घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची. शेजारी दोन गोष्टी: शेवटचं काय खाल्लं, आणि किती वाजता. एवढंच. फोनवर लिहा, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहा, कुठेही.

हे आधी का? कारण वेळ कळल्याशिवाय कारण कळत नाही. चारची ओढ असेल तर बहुधा न्याहारी आणि जेवण बघावं लागतं. जेवल्या जेवल्या असेल तर ती सवय असते. रात्री दहाची असेल तर झोप नाहीतर एकटेपणा. दर वेळी वेगवेगळ्या वेळी असेल तर घरात समोर काय पडलेलं असतं ते बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या वहीत तिन्ही दिवस संध्याकाळी साडेपाच निघाले. साडेपाचला तिच्या दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायचा. ती उंडे (गोल पाव) घ्यायला बाहेर जायची आणि त्याच्याच टोपलीतली गोड बिस्किटं घेऊन परत यायची. तिने पाव आणायचं काम मुलावर सोपवलं आणि नेमके पैसे हातात द्यायला लागली. तिच्यासाठी दुरुस्ती तिथेच संपली.

तपासणी २: साखरेच्या डब्यावर तारीख

एक किलो साखर डब्यात ओतली की झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. डबा रिकामा झाला की दिवस मोजा.

जाऊबाईंच्या घरी हे केलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, "अगं, आम्ही खातो कुठे एवढी साखर? तिघंच तर आहोत." मी म्हटलं, "वहिनी, आपण वाद नको घालूया, डबा सांगेल." स्टीलचा उभा डबा, आत अर्धवट वाकलेला जुना चमचा, तो कायम साखरेतच रुतलेला. अकराव्या दिवशी तो चमचा तळाला खणखणला. १००० ग्रॅम, अकरा दिवस, तीन माणसं: माणशी दिवसाला ३० ग्रॅम. ही झाली फक्त डब्यातली. बिस्किटं, सरबतं, बेकरीतलं, लग्नातलं यात नाहीच. वहिनी बराच वेळ डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो चमचा धुतला आणि चमच्यांच्या स्टँडमध्ये ठेवून दिला. डब्यात तो परत गेला नाही. साखर घ्यायची तर चमचा शोधावा लागतो एवढ्या एका बदलाने पुढची किलो सतरा दिवस पुरली.

तपासणी ३: चहा

इथे थोडं थांबून वाचा, कारण इथे लोक दोन चुका करतात.

पहिली चूक चमच्याची. सपाट चमचा चार ते पाच ग्रॅमचा, पण आपण घालतो तो शिगोशीग भरलेला असतो. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे सपाट धरले तरी ३२ ते ४० ग्रॅम. वरच्या २५ ची मर्यादा चहातच संपून पुढे गेलेली असते. म्हणून मिठाई सोडून चहा तसाच ठेवणाऱ्यांना काही फरक दिसत नाही.

दुसरी चूक यापेक्षा जास्त त्रास देते. साखर सोडायची म्हणून लोक चहाच सोडून देतात. मग दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागतं, आणि "साखर बंद केली की मला त्रास होतो" असं कायमचं मनात बसतं. ते डोकं साखरेसाठी नाही, चहातल्या कॅफीनसाठी दुखत असतं. रोजचा चहा-कॉफी अचानक तुटली की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिल्या एक-दोन दिवसांत ते सगळ्यात जास्त असतं आणि साधारण आठवड्याभरात जातं. नवऱ्याच्या वेळी मला हे कळायला दोन प्रयत्न लागले. तिसऱ्यांदा चहा होता तेवढाच ठेवला, फक्त साखर उतरवली. डोकं दुखलंच नाही.

उतरवायची कशी? मी दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करत गेले. दोन चमच्यांवरून शून्यावर यायला दोन महिने लागले, आणि शेवटी शेवटी जीभ कुरकुरलीसुद्धा नाही. चवीची सवय हळूहळू बदलते. काही आठवड्यांनी तोच जुना चहा कोणी दिला तर पाकासारखा लागतो. आलं, वेलची, गवती चहा घाला. दूध आहे तेवढंच राहू दे.

बाहेरची अडचण खरी आहे. आपल्याकडच्या बहुतेक चहाच्या हॉटेलांत साखर पातेल्यातच उकळलेली असते. "बिनसाखरेचा" म्हटलं की वेगळा करून देतात, पण गर्दीच्या वेळी ते मागायला संकोच वाटतो. मी बसस्टँडवर चहा पिणं सोडलं, घरून छोट्या थर्मासमध्ये नेते. कोणाच्या घरी गेल्यावर मात्र यजमानीणबाई आत वळायच्या आधीच सांगायचं. कप हातात आल्यावर सांगितलं तर त्यांना वाईट वाटतं.

तपासणी ४: न्याहारी आणि दुपारचं ताट

चारच्या ओढीचं कारण मला सगळ्यात जास्त वेळा इथे सापडलं.

सकाळी आठला बन आणि गोड चहा. मैद्याचा, केळं-साखर घातलेला, तळलेला बन. चवीला सुरेख, मलाही आवडतो. पण मैदा आणि साखर भराभर पचतात, रक्तातली साखर झपकन चढते, तिला उतरवायला इन्सुलिन धावतं, आणि अकराच्या आधीच पोटात खड्डा पडतो. मग बिस्किटं. दीडला जेवण: ताटात भाताचा डोंगर, हुमण (माशाची आमटी), आणि मासळीचा एक तुकडा. भाजी नावाला. पुन्हा तेच, चढ आणि उतार. तो उतार साडेतीन-चारला येतो.

यावर उपाय कमी खाण्याचा नाही. सकाळी जास्त खायचं, पण वेगळं. उंडा असेल तर त्याबरोबर पातळ भाजी, वाटाण्याची, चण्याची, कसलीही कडधान्याची. नाहीतर दोन अंडी. मुगागाठी (मोडाच्या मुगाची रस्साभाजी) आदल्या दिवशीची उरलेली असेल तर ती. कोंड्याची पोळी, म्हणजे आपली पोदेराकडची, मैद्याच्या पावापेक्षा बरी, पण हल्ली बऱ्याच ठिकाणी तिच्यावर कोंडा फक्त भुरभुरलेला असतो. तोडून बघा, आतला रंग सांगतो. डाळ-कडधान्य, अंडं, मासे यांतली प्रथिनं आणि भाजी-कोंड्यातले तंतू पचायला वेळ घेतात, त्यामुळे साखर हळू चढते आणि हळूच उतरते.

अकराला भूक लागत असेल तर आपल्या आजी-पणजीचा उपाय अजून चालतो: उकड्या तांदळाची पेज, बाजूला खारातली कैरी नाहीतर सुकी मासळी. वाटीभरच घ्यायची आणि सोबत थोडी उसळ. माझ्या ऑफिसात एक जण अजून डब्यात पेज आणते. अकराला तिच्या टेबलाभोवती तीन-चार वाट्या जमतात आणि बिस्किटांचा पुडा कपाटात राहतो.

दुपारच्या ताटात मी एकच बदल सुचवते: आधी भाजी आणि मासळी, मग भात. पहिले चार-पाच घास भाताविना. त्याने भात आपोआप एक पळी कमी वाढला जातो आणि जेवणानंतरची चढण सौम्य होते. नवऱ्याला हे फार विचित्र वाटलं होतं. "हुमणाबरोबर शीत नाही तर मग काय?" मी म्हटलं, शीत आहेच, फक्त मागून येतंय. आठवड्याभरात त्यांची चारची वेळ साडेपाचवर गेली, दुसऱ्या आठवड्यात वहीत ती वेळ यायचीच बंद झाली.

हे पंधरा दिवस करा. पंधरा दिवसांनीही ओढ तेवढीच असेल तरच पुढे जा.

तपासणी ५: पाकिटाची मागची बाजू

इथे चष्मा लागेल. पाकिटावर मागे पोषणाचा तक्ता असतो, त्यात "ॲडेड शुगर्स" अशी ओळ असते. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाच्या, नियमानुसार ती वेगळी दाखवावी लागते. त्याखाली घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. पहिल्या तिघांत साखर असेल तर तो पदार्थ गोडच समजा, नाव काहीही असो. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, कॉर्न सिरप ही साखरेचीच भावंडं. माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला फारसं गोड लागत नाही, पण रक्तात जाऊन तेच काम करतं.

माझ्या घरात सापडलेले चोर हे: केचप, मुलांच्या दुधात घालायची पावडर, फळांचं दही, आणि मारी बिस्किट. मारीला आपण आजाऱ्याचं बिस्किट समजतो. माझ्या हातातल्या पुड्यावर १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर साखर होती. आणि सगळ्यात मोठा चोर कोकमाचं आगळ समजून आणलेली सरबताची बाटली. आगळ म्हणजे कोकमाचा मिठातला रस, त्यात साखर नसते. सरबताच्या बाटलीत यादीतलं पहिलं नाव साखरेचं असतं. उन्हाळ्यात आम्ही सगळे ते "तब्येतीला थंड" म्हणून दिवसातून दोन पेले पीत होतो. आता आगळ, थंड पाणी, मीठ, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची. सोलकढी तर आहेच.

हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या हंगामी दारूच्या, दिवसांत घरातल्या पुरुषमंडळींनी आणखी एक हिशोब करावा. तिच्यात मिसळायच्या गोड सोड्याच्या १०० मिलीमागे साधारण १० ग्रॅम साखर असते. ३०० मिलीची एक बाटली म्हणजे सहा-सात चमचे. दोन बाटल्या झाल्या तर दोन दिवसांची मर्यादा एका बैठकीत संपली.

तपासणी ६: गूळ, मध, रस

"आम्ही साखर सोडली, आता गूळच." हे मी इतक्या घरांत ऐकलंय की न रागावता सांगायला शिकले. माडाचा गूळ मला जीवापाड आवडतो, तो काळपट पिरॅमिडचा खडा, धुराच्या वासाचा. पण गूळ हा मुख्यतः साखरच आहे. थोडी खनिजं आहेत, पण ती मिळवण्यासाठी जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाऊ नये. मधही मोकळ्या साखरेतच मोजतात आणि फळांचा रसही, घरी काढलेला असला तरी.

अख्खं फळ वेगळं, कारण त्यात तंतू आहेत आणि ते चावावं लागतं. मानकुराद सोडू नका. एक आंबा, जेवणाबरोबर किंवा चारला, बशीत कापून. आमरसाची वाटी मात्र नको, कारण वाटीत तीन आंबे कधी गेले ते कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी किती खायचा ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

बिनसाखरेच्या गोड गोळ्या-थेंबांबद्दल: वजन कमी करायचा उपाय म्हणून त्या वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलंय. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही. माझं स्वतःचं मत असं, की चहा सोडवताना पहिले काही दिवस कोणाला आधार लागला तर लागू दे, पण जीभ गोडाचीच राहते, आणि जीभ बदलण्यासाठी तर ही सगळी खटपट. "शुगर फ्री" बिस्किटांत मैदा तेवढाच असतो आणि त्यातल्या काही गोडव्यांनी जास्त खाल्ल्यास पोट बिघडतं.

तपासणी ७: जेवल्यानंतरचं पहिलं पाऊल

वहीत वेळ "जेवल्यावर लगेच" अशी असेल तर ती भूक नसते. लहानपणापासून जेवणाचा शेवट गोडाने झालेला असतो, म्हणून गोड आलं नाही तर जेवण संपलंय हे शरीराला कळतच नाही. शेवट बदलून द्या. बडीशेप, सोलकढीचा पेला, लिंबू पिळलेलं गरम पाणी, नाहीतर सरळ दात घासणं. मला दात घासण्याचा फार उपयोग झाला. तोंडात पेस्टची चव असताना गोड चांगलं लागत नाही. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं स्वयंपाकघरातून बाहेर. अंगणात एक फेरी. माझ्या वहीप्रमाणे ओढ वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकलेली फार थोडे वेळा आहे.

गुडमारचं पान चावलं की काही वेळ जिभेला गोड कळेनासं होतं. ते खरं आहे, साखर वाळूसारखी लागते. पण गुडमारच्या गोळ्या, चूर्णं मधुमेहाच्या औषधांबरोबर मनाने घेऊ नका, रक्तातली साखर जास्त खाली जाऊ शकते.

तपासणी ८: झोप

रात्री दहाची ओढ, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच गोड हवंसं वाटणं, या दोन्हीच्या मागे मला झोप सापडली. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात, पोट भरल्याचं सांगणारी कमी होतात. वहीत झोपेचे तास लिहायला लागल्यावर हे मला माझ्याच अक्षरात दिसलं: साडेपाच तास झोपलेल्या दिवशी दोन ओढी, सात तासांच्या दिवशी एखादी किंवा नाहीच. हे दुरुस्त करणं कठीण आहे, कारण त्यासाठी घराचं वेळापत्रक हलवावं लागतं. म्हणून आठव्या क्रमांकावर ठेवलंय. रात्रपाळी करणाऱ्यांनी निदान पाळीवर नेण्याचा डबा भरलेला ठेवावा. तिथे मिळतं ते बहुतेक गोड नाहीतर तळलेलंच असतं.

मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात ओढ वाढत असेल तर तेही वहीत खूण करून ठेवा. पुष्कळ बायकांना असं होतं. ते दिवस आधी माहीत असले की त्या दिवसांसाठी फळं, दाणे, खोबऱ्याचे काप घरात ठेवता येतात.

तपासणी ९: चवथ, दिवाळी, जत्रा, नाताळ

सगळ्यात अवघड, कारण इथे जेवणाबरोबर माणसंही असतात. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, चवथीला नेवऱ्या, जत्रेत आल्याच्या वासाची खाजी, दिवाळीला पाच तऱ्हांचे फोव (पोहे), नाताळात शेजारच्या घरातून क्रोशाचं कापड झाकून आलेलं ताट, त्यात दोदोल, बेबिंका, कुलकुलं. यातलं काहीही "मी खात नाही" म्हणून परत पाठवायला मी कोणाला सांगणार नाही. मी स्वतः तसं केलं होतं. पहिल्या प्रयत्नात सासूबाईंनी केलेलं मणगणं (चणाडाळ-गुळाची खीर) नाकारलं. त्यांनी काही म्हटलं नाही, वाटी उचलून आत नेली, आणि नंतर त्या घासभरही जेवल्या नाहीत. त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून थंडगार मणगणं पातेल्यातूनच खाल्लं. तो प्रयत्न तिथेच बुडाला.

आता आमच्या घरचे नियम असे. सणाचं गोड सणाच्या दिवशी, जेवणानंतर, बसून, एका वाटीत. प्रसाद चिमूटभर, दोन्ही हातांनी. उरलेलं त्याच संध्याकाळी वाटून टाकायचं, कामवाल्या बाईला, शेजारी, नातवंडं असलेल्या घरी. दुसऱ्या दिवशी घरात नेवऱ्यांचा डबा नसला पाहिजे. माझी साखर चवथीच्या दिवशी कधीच परतली नव्हती. ती परतायची चवथीनंतरच्या दहा दिवसांत, त्या डब्यातून, चहाबरोबर एक-एक करत.

दिवाळीच्या सकाळी कारीट फोडून त्याचा कडूपणा जिभेला लावला की मी आधी ताकातले आणि तिखट फोव खाते. पोट अर्धं भरलं की मग रोसातले, एक वाटी, सावकाश. त्यात नारळाचा रस आणि गूळ दोन्ही कमी करू नका म्हणून मीच सांगते. वर्षातून एकदा होतात ते नीट व्हावेत.

आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी उपास करू नका. "काल खूप झालं, आज काही नको" म्हणून सकाळ उपाशी काढली की चारची ओढ दुप्पट होऊन येते. तपासणी ४ मधली न्याहारी करा, वहीत तारीख टाका, चालू ठेवा. एक दिवस खाल्लं म्हणजे सगळं मोडलं असं मानणं हेच पुन्हा साखर धरण्याचं सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय, माझ्यातसुद्धा.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

हे घरचे उपाय आहेत, आणि काही गोष्टी घरी दुरुस्त करायच्या नसतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर, भात एकदम कमी करू नका. औषधाचा डोस आधीच्या जेवणाच्या हिशोबाने ठरलेला असतो. जेवण कमी आणि डोस तोच राहिला तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाते. हात थरथरणं, दरदरून घाम, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची चिन्हं. मशीन असेल तर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा मशीनच नसेल आणि चिन्हं असतील, तर त्या क्षणी साखर सोडण्याचा विचार बाजूला ठेवायचा. १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार सपाट चमचे, पाण्यात विरघळवून प्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, बरं नसेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर काहीतरी खायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. उपाशीपोटी हुर्राक किंवा फेणी घेतली आणि वर गोळी घेतली तर हा धोका वाढतो. नशा समजून घरचे लोक झोपू देतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

औषधं चालू नाहीत, पण सारखी तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, कारण नसताना वजन उतरणं, जखम लवकर न भरणं, अंधुक दिसणं यातलं काही असेल तर आठवडे मोजत बसू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ही रक्ताची तपासणी करून घ्या, जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा वर म्हणजे डॉक्टर मधुमेह धरून पुढचं बघतात. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर लक्षणं नसतानाही तपासा.

गरोदरपणात मनाने काही बंद करू नका. त्या काळातल्या साखरेची तपासणी वेगळी असते, ती ठरल्या वेळी करून घ्या आणि आहार डॉक्टरांकडून लिहून घ्या. वाढत्या मुलांवरही कडक बंदी नको. घरात आणणं कमी करा, तेवढं पुरे.

आणि एक प्रकार असा आहे ज्याला वरची एकही तपासणी लागू नाही. कोणी बघत नसताना थांबताच येऊ नये इतकं खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, मुद्दाम उलटी काढणं किंवा दिवसदिवस उपाशी राहून भरपाई करणं. किंवा आठवडेच्या आठवडे मन इतकं उदास असणं की गोडाशिवाय दुसरं काही बरं वाटत नाही. अशा वेळी आहाराचे नियम वाढवले तर त्रास वाढतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला मी वही दिली होती. दुसऱ्या पानावरच मला कळलं की हे माझं काम नाही. मी तिच्याबरोबर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले, बाहेर बाकावर बसून राहिले. तिची वही तिने परत मागितली नाही, मीही दिली नाही.

तपासणी १ ते ९ नीट करून तीन महिने झाले आणि तरी ओढ रोज तेवढीच आहे, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. जाताना वेळा लिहिलेली पानं, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आणि घेत असाल तर चूर्णं-काढ्यांच्या बाटल्याही पिशवीत घाला. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं, म्हणून आदल्या रात्रीनंतर पाण्याशिवाय काही नको, आणि रक्त देऊन झाल्यावर खायला डबा बरोबर असू द्या.